ठणका, लस, खपली आणि वण: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी दाहाची ओळख

रात्रपाळीत मेडिकल वॉर्डातून फेरी मारताना एखादे आजोबा हात पुढे करून म्हणतात, “सिस्टर, सुईची जागा ठणकतेय हो.” टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर परवा लावलेल्या कॅन्युलाभोवतीची कातडी ताणून चकचकीत झालेली असते. बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श केला की ती जागा आसपासच्या त्वचेपेक्षा गरम लागते, शिरेवरून हलकेच बोट फिरवले की ती सुतळीसारखी कडक जाणवते, आणि आजोबा मनगट वाकवायला तयार नसतात. परीक्षेसाठी पाठ केलेली दाहाची लक्षणे, म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना आणि अवयवाचे काम थांबणे, ही सगळी त्या वीतभर जागेत हजर असतात. यांतली पहिली चार पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत; पाचवे नंतर जोडले गेले.

या आजोबांच्या शिरेत जंतू शिरलेले असतीलच असे नाही. प्लास्टिकची नळी शिरेच्या आतल्या अस्तराला घासत राहिली, किंवा पोटॅशियमसारखे तीव्र औषध लहान शिरेतून भरभर गेले, तरी हेच चित्र दिसते. म्हणून सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा. संसर्ग म्हणजे बाहेरच्या जंतूने शरीरात शिरून वाढणे, आणि दाह म्हणजे कोणत्याही इजेला जिवंत ऊतीने दिलेले उत्तर. इजा जंतूमुळे होईल, चटक्याने होईल, आम्लाने होईल, रक्तपुरवठा तुटल्याने होईल किंवा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या चुकीने होईल. उत्तराची भाषा बहुतेक तीच असते. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1794 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्याने दाहाला रोग न मानता शरीराची हितकारक कृती मानले. ते म्हणणे आजही टिकून आहे, फक्त त्याला एक अट जोडावी लागते: ही कृती वेळेवर सुरू झाली पाहिजे आणि काम संपताच थांबलीही पाहिजे. या लेखात पुढे येणारे बहुतेक आजार या अटीचा दुसरा भाग मोडल्यामुळे होतात, आणि ती अट मोडते आहे हे सर्वांत आधी दिसते ते ड्रेसिंग उघडणाऱ्या, टेंपरेचर घेणाऱ्या आणि रुग्णाला कुशीवर वळवणाऱ्या माणसाला.

नेमके घडते काय

इजा होताच त्या भागातल्या मास्ट पेशी आपल्या पोटातले हिस्टामिनचे दाणे बाहेर टाकतात. लहान धमन्या रुंदावतात, रक्त जास्त येते, आणि त्यातून लाली व उष्णता ही दोन लक्षणे उभी राहतात. केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक शिरांच्या भिंतीतल्या पेशी आकसतात, त्यांच्यात फटी पडतात आणि प्रथिनांनी भरलेले पाणी ऊतीत झिरपते, ही सूज. ब्रॅडीकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायने मज्जातंतूंच्या टोकांना हळवे करतात, त्यामुळे एरवी ज्या स्पर्शाने काही वाटले नसते तोही झोंबतो. ठणका हा मराठी शब्द किती नेमका आहे ते इथे कळते. ताणलेल्या, रक्ताने भरलेल्या ऊतीत नाडीचा प्रत्येक ठोका वेगळा जाणवतो, आणि रुग्ण तेच सांगत असतो. नखुरडे झालेल्या माणसाला रात्री हात खाली सोडला की जास्त ठणकते आणि उशीवर उंच ठेवला की बरे वाटते, याचेही कारण हेच. सुजलेला हात किंवा पाय उंच ठेवायला सांगण्यामागे एवढे साधे पाण्याचे गणित आहे.

फटींतून केवळ पाणी बाहेर येत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीकडे सरकतात, सिलेक्टिन नावाच्या रेणूंना अडखळत अडखळत घरंगळतात, इंटिग्रिनच्या साहाय्याने घट्ट चिकटतात आणि भिंतीतून वाट काढून इजेच्या जागी पोचतात. हे दृश्य ज्युलियस कोनहाइम याने 1867 च्या सुमारास बेडकाच्या जिवंत ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. त्या पेशी तिथे जाऊन काय करतात, हे त्यानंतर पंधरा वर्षांनी उलगडले. इटलीतल्या मेसिना येथे 1882 मध्ये एली मेचनिकॉफ याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. परक्या वस्तूला पेशी गिळतात, हा त्याचा सिद्धांत यातून पक्का झाला आणि 1908 मध्ये त्याला पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पायात काटा मोडला आणि दोन दिवसांनी ती जागा पिकली, असे आपण सहज म्हणतो, त्यामागची घटना हीच आहे.

पहिल्या दिवसभरात येणाऱ्या पेशी मुख्यतः न्यूट्रोफिल असतात. आपला अस्थिमज्जा रोज साधारण 10 हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. जंतू गिळून, आपल्यातली विषारी रसायने ओतून त्या लवकर मरतात, आणि त्यांची प्रेते, मेलेले जंतू व वितळलेली ऊती यांचा जो लगदा होतो, तो पू. दोन दिवसांच्या आसपास मॅक्रोफेज या मोठ्या पेशी जागा घेतात. त्या मेलेल्या न्यूट्रोफिलना गिळतात, राडा साफ करतात आणि मग आपला स्वभाव बदलून दुरुस्तीचे निरोप पाठवू लागतात. दाह आपोआप विझत नाही, तो विझवला जातो, ही अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झालेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दीर्घकाळ न भरणारी जखम म्हणजे पुष्कळदा हा स्वभावबदल न झालेली जखम असते.

पू नसणे नेहमीच चांगले नसते, हेही इथेच सांगून ठेवते. भिंतीला चिकटण्याचे इंटिग्रिन जन्मतःच सदोष असतील तर पांढऱ्या पेशी रक्तात विपुल असूनही ऊतीत पोचत नाहीत. अशा दुर्मीळ आजाराच्या बाळाला वारंवार जंतुसंसर्ग होतात, पण पू धरत नाही, आणि एरवी दोनेक आठवड्यांत गळणारी नाळ महिना उलटला तरी पडत नाही. प्रसूतिपश्चात वॉर्डात किंवा घरभेटीत नाळेची चौकशी करणाऱ्या परिचारिकेला ही खूण सर्वांत आधी सापडू शकते.

आपल्या त्वचेवरची लाली

पुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर दाहाची लाली लाल दिसेलच असे नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती आसपासपेक्षा गडद दिसते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पुष्कळदा दिसतच नाही. “लाली नाही” एवढ्यावर “दाह नाही” अशी नोंद करणे म्हणूनच धोक्याचे आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला कळते. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही पोटऱ्या यांची तुलना करावी, बोटांच्या मागच्या बाजूने उष्णता पाहावी, सुरकुत्या पुसल्या गेल्या आहेत का आणि कातडी चकाकते आहे का ते पाहावे, दाबल्यावर रुग्णाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. माकडहाडाच्या जागी शय्याव्रण सुरू होतानाही हाच नियम लागू पडतो, कारण त्याची पहिली पायरी म्हणजे दाबल्यावर न विरणारी लाली, आणि ती गडद त्वचेवर निसटते. क्षयासाठी त्वचेत टोचून करायच्या मांटू चाचणीत तर पाठ्यपुस्तकच आपल्याला हे शिकवते: 48 ते 72 तासांनी मोजायचा असतो तो बोटाला लागणारा कडक उंचवटा, त्याभोवतीची लाली मोजायची नसते.

कॅन्युलाच्या जागेसाठी बहुतेक रुग्णालयांत व्हीआयपी स्कोअर (शिरेचा दाह मोजण्याची गुणपद्धत) वापरतात. वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी दिसल्या की गुण 2 होतात, आणि कॅन्युला काढून दुसरीकडे घालायची असते. “अजून एकच डोस राहिलाय, तेवढा जाऊ दे” हा विचार त्या शिरेला महागात पडतो.

लस, पू आणि अवधाण

जखमेतून काय येते आहे, हे वाचता आले की अर्धे निदान हाती येते, आणि त्यासाठी आपल्या भाषेत आधीपासून शब्द आहेत. फोडातले किंवा खरचटलेल्या जागेवरचे पातळ, पिवळसर, स्वच्छ पाणी म्हणजे लस. ती सुरुवातीच्या दिवसांत यायचीच. ती चिकट होऊन जखमेवर पिवळसर पापुद्रा धरू लागली, तर त्यात फायब्रिन हे रक्त गोठवणारे प्रथिन आहे असे समजावे. हा पापुद्रा आणि पू यांत गल्लत होते: पू पुसला की निघतो, पापुद्रा चिकटून राहतो. घट्ट, पिवळा किंवा हिरवट, वास येणारा स्राव म्हणजे पू. लसीत लालसर झाक असेल तर नव्या रक्तवाहिन्या फुटत आहेत, किंवा ड्रेसिंग ओढून काढले आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी टाक्यांतून अचानक लालसर पाण्याचा पूर आला, तर आतले थर सुटले असण्याची शक्यता असते. अशा वेळी रुग्णाला झोपवावे, जखमेवर सलाइनमध्ये भिजवलेला निर्जंतुक गॉज ठेवावा आणि ताबडतोब शल्यचिकित्सकांना बोलवावे. नुसते पॅड बदलून पुढे जाऊ नये.

दाह जागेवरच थांबत नाही. पायाला जखम झालेल्या शेतकऱ्याच्या जांघेत गाठ येते, तिला गावाकडे अवधाण म्हणतात. झिरपलेले पाणी आणि जंतू लसीकावाहिन्यांतून पुढच्या लसीकाग्रंथीत पोचल्याची ती खूण आहे. अवधाण आले आहे असे रुग्ण म्हणाला की जांघेबरोबर त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्याही तपासाव्यात, कारण मूळ जखम कित्येकदा तिथे लपलेली असते.

रक्तात पोचलेले इंटरल्यूकिन आणि टीएनएफ हे निरोपे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमान वाढवायला सांगतात, आणि हा निरोप शेवटी प्रोस्टाग्लँडिनमार्फतच पोचतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो तो ही पायरी अडवल्यामुळे. हुडहुडी भरलेल्या रुग्णाचे हातपाय गार आणि थर्मामीटरचा आकडा चढता, हे चित्र त्यामुळेच दिसते: शरीराने तापमानाची नवी रेषा ठरवलेली असते आणि ती गाठण्यासाठी ते कापत असते. त्या वेळी गार पाण्याने पुसू नये, पांघरूण द्यावे. याच निरोपांमुळे यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन तयार करते. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन इजेनंतर काही तासांतच वाढू लागते, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते आणि कारण दूर होताच झपाट्याने उतरते. शस्त्रक्रियेनंतर ते वाढणे स्वाभाविक आहे. चौथ्या दिवशी उतरायच्या ऐवजी पुन्हा चढले, तर कुठे काही बिघडले आहे का ते शोधावे लागते.

सर्वांत गंभीर अवस्था म्हणजे सेप्सिस. तिच्या 2016 च्या व्याख्येत जंतूंच्या संख्येचा उल्लेख नाही. संसर्गाला शरीराने दिलेले उत्तर बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे, असा तिचा आशय आहे. जो रुंदावा बोटाच्या जखमेत हितकारक असतो, तोच सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्यांत एकदम झाला की रक्तदाब कोसळतो. श्वासाचा वेग मिनिटाला 22 किंवा अधिक, सिस्टॉलिक रक्तदाब 100 किंवा कमी, आणि “आई आज वेगळंच काहीतरी बोलतेय” हे नातेवाइकाचे वाक्य, यांतली कोणतीही गोष्ट दिसली की वाट पाहू नये. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला शिकवतात, ते याचसाठी.

जखम भरून येते म्हणजे काय होते

रक्त गोठणे, दाह, नवी ऊती उभी राहणे आणि तिची फेररचना, असे चार टप्पे पुस्तकात असतात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात. एकाच शय्याव्रणाच्या एका कडेला नवी कातडी सरकत असते, मध्यभागी लाल मांस भरत असते आणि दुसऱ्या कडेला मेलेली पिवळी ऊती चिकटलेली असते.

स्वच्छ, टाके घातलेल्या जखमेत कडा जुळलेल्या असल्याने वरच्या थरातल्या पेशी 24 ते 48 तासांत पलीकडे पोचतात. पहिले ड्रेसिंग तेवढा वेळ न उघडण्याचा रिवाज यावर आधारलेला आहे. ज्या जखमेच्या कडा जुळत नाहीत ती तळापासून भरावी लागते. तिच्या तळाशी दिसणारे ओलसर, गुलाबी-लाल, दाणेदार मांसांकुर म्हणजे ग्रॅन्युलेशन टिश्यू: नव्या केशवाहिन्या आणि त्यांच्या आधाराने वाढणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी. ते जरा धक्क्याने रक्ताळतात, म्हणून चिकटलेला गॉज कोरडाच ओढू नये, सलाइनने भिजवून सोडवावा. मातीने माखलेल्या अपघाती जखमांत शल्यचिकित्सक कधी कधी चार-पाच दिवस जखम उघडी ठेवून मग टाके घालतात. तो उशीर विचारपूर्वक केलेला असतो, हे नातेवाइकांना सांगावे लागते.

फायब्रोब्लास्ट आधी कच्चे कोलॅजन, म्हणजे त्वचेला ताकद देणारे धागेदार प्रथिन, विणतात आणि नंतर महिनोन्‌महिने ते उसवून पक्के विणतात. पहिला आठवडा संपताना त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम दहा टक्के असते, तीन महिन्यांनी ती 70 ते 80 टक्क्यांपर्यंत येते आणि पुढे फारशी वाढत नाही. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असे समजून सिझेरियननंतर महिनाभरात पाण्याचे हंडे उचलणाऱ्या बाईला हा आकडा तिच्या शब्दांत सांगायला हवा.

कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व, लोह, प्राणवायू आणि प्रथिने लागतात. इथे आपल्या घरांतल्या एका जुन्या समजुतीशी गाठ पडते. टाके पडले की आंबट बंद, भात बंद, वांगे बंद, का तर “पू धरतो”. यामागे काळजीच असते, आणि ती काळजी मला आदरणीय वाटते, पण परिणाम उलटा होतो: जेव्हा लिंबू, आवळा, पेरू यांची सर्वाधिक गरज असते तेव्हाच रुग्ण पेजेवर आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. पू जंतूंमुळे धरतो, लिंबामुळे धरत नाही. “आजी, भाताबरोबर दाट वरण द्या, मटकीची उसळ द्या, चालत असेल तर अंडे द्या, वर लिंबू पिळा,” असे नेमके पदार्थ घेऊन सांगितले की घरचे ऐकतात. याच संभाषणात मशेरीबद्दल विचारावे. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला बायका नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासण्याची गोष्ट असते, पण तिच्यातले निकोटिनही रक्तवाहिन्या आकसवतेच आणि जखमेला प्राणवायू कमी पडतो.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, ही समजूत डॉक्टर-नर्सांमध्येही पुष्कळ काळ होती. जॉर्ज विंटर याने 1962 मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवून दिले की, पातळ फिल्मखाली ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर खपली धरलेल्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने नवी कातडी धरते. खपलीखाली पेशींना वाट शोधत खोलवरून जावे लागते, ओलसर पृष्ठभागावरून त्या सरळ सरकतात. आजची बहुतेक आधुनिक ड्रेसिंग याच निरीक्षणातून निघाली आहेत. स्वच्छ, लाल मांस भरत असलेल्या जखमेत रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणे म्हणूनच नुकसानीचे आहे, कारण ते जंतू आणि नव्या पेशी यांत फरक करत नाही.

आणि हळद. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन, हे ज्ञान भारतात जुनेच आहे असे लिखित पुराव्यांनी दाखवून, 1997 मध्ये रद्द करवून घेतले. हळदीतल्या करक्युमिनचा दाह कमी करणारा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे, आणि आपल्या आज्यांच्या निरीक्षणाला म्हणून मान द्यायला हवा. तरीही डब्यातली हळदपूड निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही, म्हणून उघड्या जखमेत ती भरू नये. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, चुना लावणे तर थांबवायलाच हवे. वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी हाच पहिला उपचार आहे.

भरून आलेल्या जखमेचा वण कधी जाड होतो. मूळ जखमेच्या हद्दीत राहून उंचावतो तो हायपरट्रॉफिक वण, आणि हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरतो तो कीलॉइड. कीलॉइड गडद त्वचेत अधिक होतो आणि नुसता कापून काढला तर पुष्कळदा आणखी मोठा होऊन परततो.

दाह थांबत नाही तेव्हा

मधुमेही पायात दाहाचे सगळेच गणित चुकते. मज्जातंतू बधिर झाल्याने ठणका नसतो, रक्तपुरवठा तोकडा असल्याने पेशी आणि औषध दोन्ही पोचत नाहीत, आणि वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत. चपलेतला खिळा दोन दिवस रुतून बसला तरी माणसाला पत्ता नसतो. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, ही जुनी समजूत वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी खोडून काढली: वेदना नसल्याने होणाऱ्या रोजच्या जखमा आणि त्यांतला संसर्ग हेच बोटे गमावण्याचे खरे कारण असते. म्हणून अशा रुग्णाला “दुखतं का?” एवढेच विचारून भागत नाही, मोजा काढून दोन्ही तळवे पाहावेच लागतात.

काही जंतू गिळले जातात पण मरत नाहीत. क्षयाचा जंतू त्यांतला प्रमुख. त्याला संपवता येत नाही म्हणून मॅक्रोफेज त्याच्याभोवती दाटीने उभे राहतात, काही एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी होतात, बाहेर लिंफोसाइटचे कडे पडते आणि आत पनीरासारखी भुसभुशीत मृत ऊती साठते. ही गाठ म्हणजे ग्रॅन्युलोमा. तिची सौम्य, आटोक्यातली बहीण आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर आहे. बीसीजी ही क्षयाविरुद्धची लस टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती 4 ते 8 मिलिमीटरची होते, फुटून थोडी वाहते आणि 6 ते 12 आठवड्यांत वण ठेवून भरते. “बाळाच्या लसीच्या जागी पू आलाय” म्हणून घाबरून आलेल्या आईला हा कालक्रम सांगावा. त्यावर काही लावू नये, शेकू नये, पिळू नये. काखेत मोठी, मऊ पडलेली गाठ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आमवातात सांध्याच्या आतले अस्तर कोणताही जंतू नसताना सुजते, जाड होते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. सकाळी उठल्यावर तासाहून अधिक काळ बोटे आखडलेली राहतात, कपाला कान असूनही तो धरवत नाही. झिजेच्या संधिवातात हा आखडलेपणा थोड्या वेळात सुटतो. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ हा एकच निरोप अडवला तर या दाहाला खीळ बसते का, ते 1992 मध्ये रुग्णांवर प्रथम तपासले, आणि बसते असे दिसले. पण त्याच टीएनएफच्या जोरावर क्षयाच्या ग्रॅन्युलोमाची भिंत उभी असते. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध घेणाऱ्या 70 रुग्णांना क्षय झाल्याचा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे झोपलेले जंतू भिंत ढासळताच बाहेर पडले होते. आपल्या देशात सुप्त क्षय इतका सर्वदूर आहे की, हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ततपासणी झाली आहे ना, हे परिचारिकेने फाइलमध्ये पाहूनच औषध भरावे.

दमा हाही श्वासनलिकांचा दाह आहे, नुसते आकुंचन नाही. आराम देणारा पंप आकुंचन सोडवतो, दाह तसाच राहतो. रोजचा स्टेरॉइडचा पंप दाह शमवतो, पण लगेच बरे वाटत नसल्याने रुग्ण तोच बंद करतात आणि “पंपाची सवय लागते” म्हणून लेकरांना देत नाहीत. ओढून घेतलेल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीचा मिलिग्रॅममध्ये. हा फरक सांगितला, पंपानंतर चूळ भरायला शिकवले, की भीती बरीच कमी होते. संधिवाताच्या तापात घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवर चाल करून जाते, म्हणून मुलाला बरे वाटू लागल्यावरही दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकवायचे नसते.

या सगळ्या आजारांत स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या हातून दिल्या जातात. दाहाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा त्या मंद करतात, आणि म्हणून दाहाच्या खुणाही पुसून टाकतात. प्रेडनिसोलोनवर असलेल्या रुग्णाचे अपेंडिक्स फुटले तरी पोट मऊ लागू शकते, ताप 99 च्या पुढे जात नाही, टाक्यांभोवती लाली दिसत नाही, आणि पांढऱ्या पेशींची संख्या औषधामुळे आधीच वाढलेली असल्याने रिपोर्टही फसवतो. वयोवृद्धांत आणि केमोथेरपी चालू असलेल्यांत खुणा अशाच दबलेल्या असतात. अशा रुग्णाच्या तक्त्यावर नाडी आणि श्वास यांच्या आकड्यांची सरळ रेषा वर वळू लागली, किंवा कालपर्यंत जेवणारा माणूस आज ताट सरकवतो आहे असे दिसले, तर ताप येण्याची वाट न पाहता ते त्याच पाळीत डॉक्टरांना कळवावे, आणि गोळ्या मात्र कोणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद होऊ देऊ नयेत, कारण आठवडेच्या आठवडे त्या घेतलेल्या शरीराच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवायचे थांबलेल्या असतात.